दोनशे बारावी ओळ

लातूर
८ जुलै २०२४

श्री. प्रीतम तामसकर यांस,
शरणार्थ.

पत्र मराठीत बघून दचकाल. लिनक्सच्या ईमेल-यादीवर मी तुम्हाला आजवर तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा इंग्रजीत, आणि तिथं मी नुसता 'एम. मिटकरी'. मी लातूरचा. मडिवाळप्पा मिटकरी. सव्वीस वर्षं बंगळूरला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत काढली. आता निवृत्त आहे. लिनक्समध्ये एलईडी दिवे चालवणारे जे छोटे प्रोग्राम, ड्रायव्हर, येतात, ते ओळ न् ओळ वाचून चुका काढायच्या, हे काम हौसेनं करतो. त्याचे कुणी पैसे देत नाही आणि आभारही क्वचितच मानतं.

तुम्ही नांदेडचे हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं. पहिला पॅच, तो कोडाचा तुकडा, यादीवर पाठवताना खाली तुम्ही लिहिलं होतं, 'नांदेडला तपासलं, खोलीचं तापमान ४४ अंश.' जर्मनीतल्या एकानं लगेच विचारलं की हा आकडा चुकून पडलाय का. त्या यादीवर मी एकटाच हसलो असेन. तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. राहून गेलं.

फेब्रुवारीत तुमच्या तिसऱ्या पॅचला मी कडक उत्तर दिलं. 'डेटाशीट वाचल्याशिवाय पुन्हा पाठवू नका.' त्यानंतर पाच महिने तुमचा पत्ता नाही. मला वाटलं, राग आला असेल, नाद सोडला असेल. काल चौथा पॅच आला तेव्हा बरं वाटलं. उघडून बघतो तर तिसराच पुन्हा पाठवलेला, वर फक्त तारीख नवी. माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही. दोनशे बारावी ओळ जशीच्या तशी.

असं का, ते सांगा. सौ. म्हणते, पोरांशी जरा गोड बोलत जा. म्हणून यादी सोडून फक्त तुमच्या ईमेलवर हे घरगुती पत्र.

आपला,
मडिवाळप्पा मिटकरी


नांदेड
१० जुलै २०२४

मिटकरी सर,
नमस्कार.

तुम्ही लातूरचे आहात हे वाचून लई आनंद झाला. राग वगैरे काही नाही सर. घरगुती अडचणीमुळं वेळ लागला.

कोड पुन्हा बघितला, बरोबर आहे. फोनवर चालवून बघितला. फ्लॅश पडतो, टॉर्च पण लागते. दोनशे बाराव्या ओळीत टायमर बंद केलाय, कारण टायमर चालू ठेवला की टॉर्च अर्ध्या सेकंदात विझते.

आमच्याकडे एकाच जातीचे चाळीस जुने फोन आहेत. कंपनीनं त्यांच्याकडं बघणं कधीच सोडलंय. किनवटच्या एका मुलींच्या वसतिगृहाला ते द्यायचे आहेत. मी त्यात नवी सिस्टीम टाकून राहिले, बाकी सगळं चालतं, एवढा फ्लॅशच अडलाय. हा पॅच मंजूर झाला तर फार बरं होईल.

काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
प्रीतम


लातूर
११ जुलै २०२४

पत्र मिळालं. नाव लिहीत नाही, कारण कुणाचं लिहावं ते मला समजत नाही.

तुमचं एक वाक्य असं आहे: 'मी त्यात नवी सिस्टीम टाकून राहिले.' नांदेडकडचा बाप्या माणूस 'टाकून राहिलो' असं लिहितो. इंग्रजीत हे कळायला मार्ग नव्हता, मराठीत एका काना-मात्रेत कळलं.

तुम्ही कोण, हे विचारण्याचा मला हक्क आहे. पॅचच्या शेवटी नावाची एक ओळ असते, 'साइन्ड-ऑफ-बाय'. ती सही असते. हे काम मी केलंय, किंवा ते पुढं द्यायचा मला अधिकार आहे, असं माणूस तिथं चारचौघांत स्वतःच्या नावानं सांगतो. दुसऱ्याच्या नावानं केली तर ती खोटी सही. मी असलं काम पुढं जाऊ देणार नाही.

आता कोडाबद्दल. फ्लॅश आणि टॉर्च म्हणजे एकच दिवा. फ्लॅश क्षणभर पडतो, म्हणून त्याला हजार मिलिअँपिअर करंट चालतो. टॉर्च लावून ठेवायची असते, तिथं दीडशेच्या वर जाऊ नये. तो टायमर म्हणजे राखणदार आहे. फोन अडकला, प्रोग्राम मेला, तरी टायमर दिवा विझवतो. दोनशे बाराव्या ओळीत तुम्ही त्याला सुरुवातीलाच कायमचा घरी पाठवलाय. उद्या फ्लॅश मारताना फोन मधेच थिजला, तर दिवा हजारावर लागून राहील आणि विझवायला कुणी नसेल.

प्रीतम कुठं आहे? त्यानं स्वतः लिहावं.

मिटकरी


नांदेड
२ ऑगस्ट २०२४

मिटकरी सर,
नमस्कार.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, माफ करा. रोज लिहायला बसले आणि उठले.

मी शिवांगी. प्रीतम माझा मोठा भाऊ. तो तेरा फेब्रुवारीला गेला. बाबा हदगावला शेतीवर असतात, त्यांना भेटून मोटरसायकलवर परत येत होता. अर्धापूरच्या अलीकडं रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. दिवेलागणीची वेळ. त्याला दिसली नाही. एकोणतीस वर्षांचा होता.

सर, तुम्हाला तो फक्त कोडातून माहीत होता म्हणून सांगते. वजिराबादेत त्याचं फोन दुरुस्तीचं काउंटर होतं, दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरून जायचं. शिक्षण आयटीआय. सी भाषा त्यानं माझ्या बीएस्सीच्या पुस्तकातून शिकली. मी पास होऊन विसरले, तो मात्र शिकला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुमची यादी वाचत बसायचा. इंग्रजी कच्चं, म्हणून एकेक वाक्य मला विचारायचा. 'शिवा, हे रागानं लिहिलंय का साधंच हाय?' मी म्हणायची, साधंच हाय.

ते चाळीस फोन एका ऑफिसनं टाकून दिलेले. किनवटच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका महानंदाताई दुरुस्तीला म्हणून एकदा काउंटरवर आल्या होत्या. शंभर मुली आणि एक कॉम्प्युटर, असं बोलता बोलता म्हणाल्या. दादानं तिथंच शब्द दिला.

तो गेल्यावर काउंटर रिकामं करावं लागलं. सगळं सामान दोन पोत्यांत भरून घरी आणलं. मी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते, त्याचा लॅपटॉप मलाच उघडता येणार होता. उघडला तेव्हा सगळ्यात वर तुमचं नऊ फेब्रुवारीचं उत्तर होतं. त्यानं ते वाचलेलं होतं. उत्तर लिहिलेलं नव्हतं. सर, त्याला आलेलं ते शेवटचं पत्र. त्यात शेवटचं वाक्य, पुन्हा पाठवू नका.

मला तुमचा लई राग आला होता. म्हणून मुद्दाम तेच पुन्हा पाठवलं, अक्षर न बदलता. पण खरं कारण तेवढंच नाही. घरी आता कुणी त्याचं नाव घेत नाही. आई काम करता करता थांबते, पण नाव घेत नाही. बाबा फोनवर पावसाचं बोलतात. आणि अशात तुमचं पत्र आलं, 'श्री. प्रीतम तामसकर यांस.' त्याच्याशी कुणीतरी बोलून राहिलं होतं. त्याला उत्तर विचारून राहिलं होतं. मला ते मोडवेना. मी त्याच्या नावानं उत्तर देऊन टाकलं.

खोटी सही मी केली. पण काम खोटं नाही, ते त्याचंच आहे. माझी एकच विनंती आहे. ते त्याच्या नावानं जाऊ द्या, आणि त्याच्या ओळी बदलायला लावू नका. ती दोनशे बारावी ओळ बी. त्याच्या हातचं एवढंच राहिलंय.

शिवांगी तामसकर


लातूर
४ ऑगस्ट २०२४

चि. शिवांगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. सौ. ला सांगितलं. ती दुपारी जेवली नाही.

माझ्या त्या वाक्याबद्दल. यादीवर लिहिलेलं मागं घेता येत नाही, पुसताही येत नाही. मुद्दा बरोबर होता, बोलायची रीत चुकली. नांदेड ते लातूर तीन तासांची एसटी. माझ्यापासून तीन तासांवर एक पोरगा स्वतःच्या अकलेनं ड्रायव्हर लिहीत होता, आणि मी त्याच्याशी परदेशी माणसासारखा बोललो. ते माझ्यापाशी राहील.

आता तुझ्या विनंतीचं. पहिला भाग होऊ शकतो, आणि त्यासाठी खोटं काही करावं लागत नाही. तिसरा पॅच त्यानं स्वतः पाठवला होता, खाली सही त्याचीच होती आणि ती सगळ्या जगाला दिसते. ती सही माणसाबरोबर जात नाही. लेखक म्हणून त्याचंच नाव राहील. त्याच्या सहीखाली तुझी सही येईल, तुझ्या नावानं, म्हणजे हे काम याच्याकडून माझ्याकडं आलं आणि मी पुढं दिलं. जे बदलशील ते तिथं एका ओळीत लिहायचं. नियमात बसतं. पूर्वीही झालंय.

दुसरा भाग होणार नाही. दोनशे बारावी ओळ बदलावी लागेल. मी दयेनं हो म्हटलं तर माझी सही खोटी ठरेल.

कसं बदलायचं तेही सांगतो. फ्लॅशला टायमर कायम चालू ठेवायचा. टॉर्च लावताना आधी करंट खाली आणायचा, तो खरंच खाली आला का ते विचारायचं, मगच तेवढ्यापुरता टायमर बंद करायचा. आणि कुठंही चूक झाली की परत फिरण्याआधी दिवा बंद. दहा-बारा ओळींचं काम आहे. तुला येईल.

तुझा,
मिटकरी


नांदेड
६ ऑगस्ट २०२४

सर,

दहा-बारा ओळी तुमच्यासाठी. माझ्यासाठी त्या त्याच्या आहेत.

तुम्ही सव्वीस वर्षं मोठ्या कंपनीत काम केलंत, तुमच्या नावाच्या कितीतरी ओळी कुठं कुठं असतील. त्याच्या एवढ्याच. गेलेल्या माणसाच्या कामात चूक काढून, मग त्याच्यावर माझ्या हातचं ठिगळ लावून, वर त्याचं नाव लिहायचं. ह्याला तुम्ही मान म्हणता का?

मी दहा फोनांवर तपासलंय. एकदा बी थिजला नाही. टॉर्च लागते, विझते. तुमची चूक कागदावरची आहे.

तुमच्या घरी काकू आहेत, मुलंबाळं असतील. तुम्ही बोललात की ऐकायला माणूस आहे. तुम्हाला नाही कळायचं. पॅच राहू द्या.

शिवांगी


लातूर
२८ ऑगस्ट २०२४

चि. शिवांगीस,

तू 'राहू द्या' म्हणालीस तरी लिहितोय.

गंजगोलाईत जुने फोन विकणारे बसतात. तिथं तीन दिवस फिरून तुमच्या त्या चाळीस फोनांच्याच जातीचा एक फोन मिळवला. प्रीतमचा कोड त्यात घातला. तुझ्यासारखाच मीही तपासला, शंभर वेळा फ्लॅश मारला. काही झालं नाही. मग फ्लॅश पडत असतानाच प्रोग्राम मुद्दाम मारला. चौदाव्या वेळेला दिवा लागून राहिला. बटण दाबलं, विझेना. मिनिटभरात मागचा भाग हातात धरवेना. बॅटरी उपसून काढली. दिव्यावरची काच पिवळी पडली आहे. ते कागदावरचं नाही, माझ्या टेबलावर आहे.

दुसरी गोष्ट लिहायला जास्त दिवस लागले. तुझ्या पत्रात तू म्हणालीस, काकू आहेत, ऐकायला माणूस आहे. शिवांगी, दानम्मा तीन वर्षांपूर्वी गेली. पोरांशी गोड बोलत जा असं ती म्हणायची, हे खरं. पण जुलैत म्हणाली नाही. चार तारखेला दुपारी जेवलो नाही तो मी. पत्रात 'सौ. म्हणते' असं लिहायची सवय सुटत नाही. ते लिहिलं की घरात कुणीतरी आहे असं वाटतं. तुला खोट्या सहीबद्दल एवढं बोललो, आणि प्रत्येक पत्रात मी तेच करत होतो.

एक मुलगी आहे, सृष्टी. कॅनडात असते. दर रविवारी फोन करते, 'अप्पा, जेवलात का' विचारते, चार मिनिटांत ठेवते. तिची चूक नाही. लहानपणी ती काहीही करून दाखवायला आणायची, चित्र, गणित, एकदा घंटीचं सर्किट. मी आधी चूक दाखवायचो. बरोबर काय आहे ते नंतर सांगू, म्हणायचो. ती दाखवायची थांबली, नंतर ते सांगायचं राहिलंच.

म्हणून आज आधी सांगतो. प्रीतमचा बाकीचा कोड स्वच्छ आहे. त्या चिपच्या डेटाशीटमध्ये, कंपनीच्या माहितीपत्रकात, एक आकडा चुकीचा छापलाय, आणि त्यानं तो मोजून दुरुस्त केलाय. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्यांना तो सापडला नव्हता. मलाही नाही. फेब्रुवारीत मी हे लिहायला पाहिजे होतं. तेव्हा मला फक्त दोनशे बारा दिसली.

मिटकरी


लातूर
१२ सप्टेंबर २०२४

चि. शिवांगीस,

उत्तर नको. फक्त एवढं कळव की त्या चाळीसपैकी एकही फोन अजून कुणाच्या हातात गेलेला नाही.

मिटकरी


नांदेड
१५ सप्टेंबर २०२४

मिटकरी सर,

सहा गेले होते.

पंधरा ऑगस्टला वसतिगृहात कार्यक्रम होता. दादानं शब्द दिलेला, किती दिवस थांबवायचं म्हणून मी सहा तयार करून दिले. तुमचं अठ्ठावीस तारखेचं पत्र आलं तेव्हा मी ते उघडलंच नाही. परवाच्या पत्राबरोबर उघडलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दहा तारखेला महानंदाताईंचा फोन आला. सातवीतली विशाखा विज्ञानाच्या वहीसाठी पानांचे फोटो काढून राहिली होती. फोन थिजला, दिवा चालूच राहिला. ताई रागावतील म्हणून तिनं तो विझवायला दिव्यावर तळहात दाबून धरला. तिला वाटलं, झाकला की बंद होतो. सर, तिनं तसाच धरून ठेवला.

मी दुसऱ्याच दिवशी गाडीनं किनवटला गेले. तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा फोड. डॉक्टरनं मलम दिलंय, भरून येईल म्हणाले. मी काहीतरी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "दीदी, मी फोन पाडला न्हाई. आपोआप झालं. आता परत नेणार का?"

मी म्हटलं, "चूक तुझी न्हाई. आमची हाय. नीट करून आणते."

"कोणाची, तुमची?"

ओळ दादाची, पण फोन मी पाठवले. तुम्ही दोनदा लिहूनसुद्धा पाठवले. म्हटलं, "हाव, माझी."

महानंदाताई रागावल्या नाहीत. चहा दिला. म्हणाल्या, "तुझा भाऊ येऊन गेला होता ना, फोन कुठं कुठं चार्जिंगला लावायचे ते वही घेऊन मोजत होता. खिडकीतून पाणी येतं म्हणून ती भिंत नको म्हणाला." एवढं बारीक बघणारा माणूस, सर. त्याला जर कळलं असतं की ह्यानं पोरीचा हात भाजणार, तर त्यानं ती ओळ एक दिवस ठेवली नसती. आणि मी ती त्याची आठवण म्हणून जपून राहिले होते.

सहाही फोन पिशवीत घालून परत आणले. येताना डब्यात पूर्ण वेळ रडले. समोर बसलेल्या बाई काही न विचारता शेंगा देत होत्या.

घरी आल्यावर त्याची वही काढली. नऊ फेब्रुवारीचं पान शोधलं. वाटलं होतं, काहीतरी लिहिलं असेल, मिटकरी बरोबर हाय किंवा चूक हाय. पानावर एका गिऱ्हाइकाचा नंबर, बेसन, आईची गोळी, आणि खाली '२१२ ?' बस. नुसतं प्रश्नचिन्ह. त्याला पण शंका आली होती. पुढं बघायला चारच दिवस होते.

तो प्रश्न मी सोडवायला बसले. दोन दिवस लागले. पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. पाचवा पॅच आज यादीवर टाकलाय. त्याची सही वर, माझी खाली. काय बदललं ते एका ओळीत लिहिलंय. तपासा. सूट देऊ नका.

आणि काकूंचं वाचलं. तुमच्या त्या 'सौ. म्हणते'ला मी नमस्कार पाठवला होता. तो असू द्या.

शिवांगी


लातूर
१८ सप्टेंबर २०२४

चि. शिवांगीस,
आशीर्वाद.

आधी मुलीचा हात. जळलेल्या जागेला धूळ लागू देऊ नका, आणि फोड फोडू नका. महानंदाबाईंना माझ्याकडून सांग की या धोक्याची माहिती मला होती, मी फोन करून बोलायला पाहिजे होतं, आणि मी पत्रं लिहीत बसलो.

पॅच वाचला. तू करंट खाली आला का ते विचारतेस, नाही आला तर दिवा विझवतेस, हे बरोबर. नावं सोपी ठेवलीस, तेही बरोबर. पण फ्लॅशच्या फंक्शनमध्ये बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत, तू दोनच बंद केल्या. तिसरी शोध. मी सांगत नाही.

सूट दिलेली नाही.

मिटकरी


लातूर
३० सप्टेंबर २०२४

चि. शिवांगीस,

तिसरी वाट बंद केलेला तुझा सहावा पॅच माझ्या टेबलावरच्या फोनात घालून तपासला. दोन हजार वेळा प्रोग्राम मारला. दोन हजार वेळा दिवा विझला. शेवटी मी थकलो, दिवा नाही.

तुमच्या दोघांच्या सहीखाली आज माझी सही घातली आहे. आता तो वरच्या माणसाकडं जाईल. तिथून पुढं महिना-दोन महिने लागतील, आणि सगळं नीट झालं तर लिनक्सच्या नव्या आवृत्तीत येईल. यात आता तुला-मला काही करायचं नाही. वाट बघायची.

खरं सांगू, पॅच पुढं गेला याचा आनंद आहे आणि थोडं रिकामंही वाटतंय. आता लिहायला निमित्त राहिलं नाही.

या रविवारी सृष्टीला विचारलं, तू दिवसभर काय काम करतेस. तिला आधी वाटलं, काहीतरी झालंय. मग सांगायला लागली. मला मधे दोन ठिकाणी चूक दिसली. बोललो नाही. एकतीस मिनिटं झाली.

मिटकरी


नांदेड
४ डिसेंबर २०२४

मिटकरी सर,
नमस्कार.

आला सर. काल सकाळी क्लासला जायच्या आधी बघितलं, नव्या आवृत्तीत आपला ड्रायव्हर आहे. लेखक प्रीतम तामसकर. मी पायरीवरच बसले, क्लासला अर्धा तास उशिरा गेले.

परवा किनवटला जाऊन चौतीस फोन देऊन आले. सहा मी ठेवून घेतलेत, त्यांच्या काचा अजून तपासायच्या आहेत. विशाखाच्या तळहातावर डाग राहिलाय, गुलाबी. तिनं फोन घेतला, टॉर्च लावली, आणि हात लांब धरून माझ्याकडं बघत राहिली. मी दहापर्यंत मोजलं. मग तिनं विझवली. हसली नाही. पण फोन परत दिला नाही.

तुम्ही म्हणालात, लिहायला निमित्त राहिलं नाही. मला सुद्धा तसंच झालंय. लॅपटॉप उघडते, काही आलेलं नसतं. दुसरा कुठला तरी अडलेला ड्रायव्हर असेल तर सांगा. साधा असला तरी चालेल. ह्या वेळी माझ्याच नावानं.

आईला काल सांगितलं. ती तांदूळ निवडून राहिली होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि बोट लावून दाखवलं, हे इथं त्याचं नाव. तिला इंग्रजी येत नाही, तिनं नुसतं त्या जागेकडं बघितलं.

"कुणाला दिसतं हे?" म्हणाली.

"जगात कुणालाबी."

"रोज बघतेत का?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण खरं तेच सांगितलं. म्हटलं, "न्हाई आई. दिवा चांगला चालतो तोवर कुणीच उघडत न्हाई. कुठं बिघाड झाला, की मग दुरुस्त करणारा माणूस उघडून बघतो, हे कुणी लिहिलं. तवा त्याला नाव दिसतं."

आईनं सूप खाली ठेवलं.

मग म्हणाली, "कधीमधी बिघडू दे की मग."

शिवांगी